डिप्रेशनवर काढा : पास की नापास?

'केमिकलच्या गोळ्या नकोत, काहीतरी आयुर्वेदिक घे' हा सल्ला डिप्रेशनमधल्या प्रत्येकाला मिळतोच. पण जडीबुटीची परीक्षा घेतात तरी कशी? त्यात पास कोण झालं? आणि या सगळ्याशी गोरेगाव, मुलुंड आणि कळव्याचं नातं काय? एक रिझल्टशीट, खास तुमच्यासाठी.

सकाळी अलार्म तीनदा बंद करून उठणं, लोकलमध्ये कानात हेडफोन पण गाणं कुठलं चाललंय तेच कळत नाही, ऑफिसमध्ये एक साधा मेल टाइप करायला अर्धा तास, आणि शुक्रवारी टीम पार्टीला जायचं म्हटलं की अंगावर काटा. एखाद-दोन दिवस असं सगळ्यांचंच होतं. पण हे दोन आठवड्यांहून जास्त, रोज आणि दिवसभर चाललं, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर त्याला 'मूड ऑफ' म्हणत नाहीत. त्याला डिप्रेशन म्हणतात आणि तो आजार आहे.

आता ही गोष्ट चुकून कुणाला सांगितलीत की बघा गंमत. आई ब्राह्मीचं तेल काढते. काकू म्हणतात, रात्री हळदीचं दूध घे. जिममधला ट्रेनर अश्वगंधाच्या कॅप्सूल पुढे करतो. के-ड्रामाची फॅन असलेली मैत्रीण कोरियन जिनसेंगच्या पाकिटाचा फोटो पाठवते. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, 'आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही.' सायकियाट्रिस्टचं नाव या यादीत शेवटी येतं, तेही कुजबुजत.

या सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. प्रश्न वेगळा आहे. यातलं खरंच काही चालतं का? 'आमच्या शेजारच्यांना फरक पडला' यापलीकडे काही पुरावा आहे का? चांगली बातमी अशी, की पुरावा शोधायचं काम झालंय आणि त्यातलं बरंचसं आपल्या लोकल लाइनच्या आसपास झालंय.

परीक्षा म्हणजे नेमकं काय?

आधी हे समजून घेऊ, म्हणजे पुढचे रिझल्ट वाचताना कुणी गंडवणार नाही.

डिप्रेशन रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही. म्हणून चाचणीत रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारून मार्क दिले जातात. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मॅक्स हॅमिल्टन या डॉक्टरांनी १९६० मध्ये बनवलेली 'हॅमिल्टन स्केल'. मूड, झोप, भूक, अपराधीपणा, कामातला रस, आत्महत्येचे विचार असे १७ मुद्दे. जितके मार्क जास्त, तितकं डिप्रेशन जास्त. म्हणजे ही अशी परीक्षा जिथे मार्क कमी होणं चांगलं!

मग रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे. एका गटाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण आत काहीच नसलेली गोळी. तिला म्हणतात प्लासिबो. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही आणि मार्क देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. सहा-आठ आठवड्यांनी पाकीट उघडायचं.

एवढा उपद्व्याप का? कारण डिप्रेशनमध्ये नुसती गोळी घेतल्याच्या भावनेनं, कुणीतरी दर आठवड्याला आस्थेनं विचारपूस केल्यानं आणि काळाच्या ओघानंही बऱ्याच जणांना बरं वाटतं. किती? अमेरिकेत २००२ मध्ये जाहीर झालेली एक मोठी चाचणी बघा. युरोपात डिप्रेशनवर लोकप्रिय असलेल्या हायपेरिकम, म्हणजेच सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीची ती परीक्षा होती. ३४० रुग्ण, तीन गट, आठ आठवडे. पूर्ण सुधारणा झालेले रुग्ण असे : वनस्पतीच्या गटात २३.९ टक्के, सर्ट्रालिन या नेहमीच्या अँटीडिप्रेसंटच्या गटात २४.८ टक्के आणि रिकाम्या गोळीच्या गटात ३१.९ टक्के!

बसला ना धक्का? यावरून 'अँटीडिप्रेसंट फालतू' असा निष्कर्ष काढायची घाई नको. एका चाचणीत काहीही होऊ शकतं, म्हणून शंभर चाचण्या एकत्र तोलाव्या लागतात. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा २१ पैकी २१ अँटीडिप्रेसंट प्लासिबोपेक्षा सरस ठरली. मुद्दा एवढाच, की 'मी काढा घेतला आणि मला बरं वाटलं' हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही काढ्याबद्दल काहीच सिद्ध करत नाही. रिकाम्या गोळीवाले तिघांपैकी एक जण हेच म्हणत होते.

केईएमचे डॉक्टर आणि एक मुळी

आता आपल्या मुंबईत येऊ. जडीबुटीला आधुनिक परीक्षेला बसवण्याची जगातली एक गाजलेली गोष्ट परळला घडली.

सर्पगंधा नावाचं एक छोटं झुडूप. त्याची मुळी वेडावर आणि झोप येत नसेल तर द्यायची पद्धत आपल्याकडे पूर्वापार होती. बिहारमध्ये तर तिला थेट 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि ब्लडप्रेशर या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. मग केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती आपल्या रुग्णांना देऊन नीट नोंदी ठेवल्या. ब्लडप्रेशरच्या ५० रुग्णांवरचा त्यांचा पेपर १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतून रेझर्पिन हा मुख्य घटक वेगळा काढला. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी तो मानसिक रुग्णांना दिला. १९५७ मध्ये वैद्यकातलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळवणाऱ्यांत क्लाइनही होते आणि आपले डॉ. वकीलही.

इथून गोष्टीला ट्विस्ट येतो. ब्लडप्रेशरसाठी रेझर्पिन घेणारे काही रुग्ण उदास व्हायला लागले. तपासल्यावर कळलं, की हे औषध मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रिकामं करतं. दुसरीकडे टीबीच्या एका औषधानं रुग्ण भलतेच आनंदी होत होते आणि ते औषध हीच रसायनं टिकवून धरत होतं. दोन्ही टोकं जुळली आणि 'मेंदूतली ही रसायनं कमी झाली की डिप्रेशन' हा सिद्धांत उभा राहिला. तुमच्या ओळखीतल्या कुणी घेतलेली अँटीडिप्रेसंट गोळी बहुधा त्याच विचाराच्या वंशातली आहे. म्हणजे आधुनिक मनोविकारशास्त्राच्या पायात एक भारतीय मुळी गाडलेली आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

पण थांबा, अजून एक ट्विस्ट. १९५५ मध्ये लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी ५४ चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांवर रेझर्पिनची प्लासिबोशी तुलना करून चाचणी घेतली. निकाल? औषधानं डिप्रेशन वाढलं नाही, उलट रुग्णांना बरं वाटलं! या पेपरकडे तेव्हा फारसं कुणी बघितलं नाही. अलीकडे जुन्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्यांनाही रेझर्पिन आणि डिप्रेशनचं नातं वाटलं होतं तितकं पक्कं सापडलेलं नाही. 'सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन' हे समीकरणही आज फारच सोपं मानलं जातं. रुग्णांचे अनुभव ऐकून सिद्धांत उभा राहतो, पण चाचणी त्याच्याकडून पुन्हा हिशेब मागते. वनस्पती असो की गोळी, नियम एकच.

गोरेगावची लॅब, मुलुंडचं लोणचं

ज्या सिबानं रेझर्पिन शोधलं, तिनंच गोरेगाव पूर्वेला मोठं संशोधन केंद्र काढलं. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आज त्या बाजूला सगळे मॉलसाठी आणि आयटी पार्कसाठी जातात, पण त्याच गोरेगावात 'सिंटामिल' नावाचं अँटीडिप्रेसंट तयार झालं. मूळ नाव नायट्रॉक्साझेपिन. १९८०च्या दशकात ते भारतात बाजारात आलं. पूर्णपणे लॅबमध्ये घडवलेला रेणू, जडीबुटी अजिबात नाही, पण पत्ता मात्र पक्का वेस्टर्न लाइनचा.

सेंट्रल लाइनवाल्यांनी तोंड पाडायचं कारण नाही. मुलुंडला एलबीएस मार्गावर जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं. तिथे डॉ. एन. जे. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वनस्पती एकामागून एक तपासायला घेतल्या. त्यातली एक होती कोलियस. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत जेवला असाल तर तिला तुम्ही ओळखता, कारण तिच्या मुळांचं 'गरमर' नावाचं झकास लोणचं असतं. या मुळांतून १९७०च्या दशकात फोर्सकोलिन नावाचा रेणू निघाला. पेशींच्या आत निरोप पोचवणारं एक रसायन तो झटक्यात वाढवतो हे १९८१ मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं गेलं आणि जगभरच्या लॅबमध्ये मुलुंडचा हा शोध रोजच्या वापराची वस्तू बनला.

मेंदूतही तोच निरोप्या काम करतो. मग डिप्रेशनमध्ये फोर्सकोलिन चालेल का? १९९६ मध्ये इस्राएलमधल्या डॉक्टरांनी करून बघितलं. शिरेतून दिलं. डिप्रेशनच्या चारही रुग्णांचा मूड थोड्या वेळासाठी सुधारला किंवा त्यांना तरतरी आली.

चारपैकी चार! एखाद्या मार्केटिंगवाल्याच्या हाती हा आकडा लागला तर 'शंभर टक्के यश' असं पोस्टर उद्याच छापून येईल. पण रुग्ण फक्त चार, परिणाम थोड्या वेळाचा आणि औषध शिरेतून. हा पास-नापासचा निकाल नव्हे, ही फक्त वर्गातली हजेरी. आणि हो, लोणचं खाऊन यातलं काहीही होत नाही. चव मात्र जाते ती परत येते.

मुंबईत या कामाची एक परंपराच आहे. केईएमच्या फार्माकॉलॉजी विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेलीसारख्या वनस्पतींवर रीतसर प्रयोग केले. झाडाफुलांवरचं डहाणूकरांचं मराठी लेखन तुमच्या आईनं नक्की वाचलं असेल. विलेपार्ल्याच्या कस्तुरबा हेल्थ सोसायटीच्या संशोधन केंद्रात डॉ. अशोक वैद्य यांनी 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' ही कल्पना रुजवली. एरवी औषध लॅबमधून उंदराकडे आणि मग माणसाकडे जातं. इथे उलटं. जे माणसं शतकानुशतकं घेतच आहेत, ते आधी रुग्णांत नीट तपासायचं आणि मग लॅबमध्ये जाऊन 'हे का चाललं?' असं विचारायचं.

आता रिझल्ट!

तुमच्या घरातल्या मंडळींनी सुचवलेल्या एकेका उमेदवाराचं प्रगतिपुस्तक बघू.

*हळद :* आपल्याच देशातली, भावनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधली चाचणी. २०१४ मध्ये छापून आली. डिप्रेशनचे ६० रुग्ण, तीन गट, सहा आठवडे. एका गटाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला हळदीतलं कर्क्युमिन रोज १००० मिलिग्रॅम, तिसऱ्याला दोन्ही. चांगला प्रतिसाद मिळालेले अनुक्रमे ६४.७, ६२.५ आणि ७७.८ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात तिघांत फरक नाही. म्हणजे हळद गोळीच्या बरोबरीची? इतक्यात नको. या चाचणीत प्लासिबोचा गटच नव्हता आणि रुग्णांना आपण काय घेतोय ते माहीत होतं. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियातल्या ५६ जणांच्या चाचणीत प्लासिबो होता. तिथे पहिले चार आठवडे काहीच फरक नाही, नंतरच्या चारांत थोडा दिसला. आणि हळदीच्या दुधाचं म्हणाल, तर हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम दोन ते पाच टक्के. त्या डोससाठी रोज दहाएक चमचे हळद पोटात घालावी लागेल आणि चाचणीतलं कर्क्युमिन शरीरात शोषलं जावं म्हणून खास तयार केलेलं होतं. शेरा : होतकरू, पण आणखी परीक्षा हव्यात.

*केशर :* इराणी डॉक्टरांनी यावर बरंच काम केलंय. २००५ मध्ये तेहरानच्या ४० रुग्णांवरच्या चाचणीत रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क सहा आठवड्यांत प्लासिबोच्या पुढे गेला. पुढच्या चाचण्याही बऱ्याचशा सकारात्मक, पण बहुतेक छोट्या आणि कमी दिवसांच्या. शेरा : हुशार विद्यार्थी, पण बाहेरच्या बोर्डाची परीक्षा बाकी. शिवाय मसाला मार्केटमधलं केशर खरं किती आणि रंगवलेलं किती, हे देवच जाणे.

*अश्वगंधा :* हिचा अभ्यास मुख्यतः स्ट्रेसवर झालाय, डिप्रेशनवर नाही. यातली २०१९ मध्ये छापून आलेली एक चाचणी तर ठाण्याच्या पुढच्या स्टेशनला, कळव्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये झाली. स्ट्रेस असलेले पण एरवी निरोगी ६० जण, ६० दिवस, प्लासिबोशी तुलना. चिंतेचे मार्क स्पष्ट कमी झाले. डिप्रेशन, चिंता आणि स्ट्रेस एकत्र मोजणाऱ्या दुसऱ्या स्केलवर मात्र फरक थोडक्यात हुकला. शेरा : 'अप्रेझलचं टेन्शन' या पेपरात बरे मार्क, 'डिप्रेशन' या पेपराला बसलेलीच नाही.

*ब्राह्मी :* स्मरणशक्तीवर काम झालंय, डिप्रेशनवर फारच तुटपुंजं. त्यात नावाचाच गोंधळ. शास्त्रज्ञांची ब्राह्मी म्हणजे बाकोपा. आपल्याकडे मात्र ब्राह्मी म्हणून अनेकदा मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा विकला जातो. दोन्ही झाडं वेगळी, घटक वेगळे. शेरा : आधी ओळखपत्र दाखवा.

*हायपेरिकम :* वर जे आपटलं तेच. पण २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेनं २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्णांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये ते प्लासिबोपेक्षा सरस आणि नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीचं निघालं. गंमत म्हणजे जर्मन भाषिक देशांतल्या चाचण्यांत निकाल जास्तच चांगला होता. शेरा : वनस्पतींमध्ये सगळ्यात जास्त परीक्षा दिलेला विद्यार्थी. पण वागणूक खराब, त्याबद्दल पुढे.

चौकट : कोरियातली 'आग'

के-ड्रामात नायिकेची आई छाती बडवत बसते ना, तिला बहुधा 'ह्वाब्योंग' झालेला असतो. शब्दशः अर्थ आगीचा आजार. वर्षानुवर्षं गिळलेला राग आणि अन्याय छातीत दाटून येतो, जीव गुदमरतो, अंग तापतं. सासूपुढे ब्र न काढलेल्या आपल्याकडच्या कित्येक मावशींना हा आजार नावाशिवाय झालेला असेल! १९९४ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात त्याची नोंद झाली.

कोरियात पारंपरिक वैद्य, म्हणजे 'हानुईसा', हा परवानाधारक डॉक्टर असतो. त्यांचा मोठा ग्रंथ 'दोंगुई बोगाम' १६१३ मध्ये छापला गेला. लेखक राजवैद्य हो जुन. २००९ मध्ये युनेस्कोनं या ग्रंथाला जागतिक ठेव्याच्या यादीत घेतलं. मनाच्या तक्रारींवर दिला जाणारा तिथला एक प्रसिद्ध काढा म्हणजे 'गामिसोयोसान'. मूळ चिनी काढ्याच्या नावाचा अर्थ मोठा गोड आहे, निवांत भटकणं. त्यातला ज्येष्ठमध, आलं आणि पुदिना आपल्याही ओळखीचा. या मूळ काढ्याच्या डिप्रेशनवरच्या २६ चाचण्या २०१२ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. निकाल वरवर चांगला, पण बहुतेक चाचण्यांची बांधणी इतकी कच्ची, की ठाम काही सांगता येईना. थोडक्यात, सोलची अडचण आणि मुंबईची अडचण एकच.

काढ्याची परीक्षा अवघड का?

वैद्य मंडळींचा एक आक्षेप नेहमी असतो. 'आम्ही आजाराला नाही, माणसाला औषध देतो. दोन रुग्णांची प्रकृती वेगळी, म्हणून काढा वेगळा. तुमच्या एकसारख्या गोळ्यांच्या परीक्षेत आम्हाला कसं बसवणार?' आक्षेपात दम आहे. शिवाय काढ्याचा कडूपणा आणि वास नकली काढ्यात आणायचा कसा? हळदीचा रंग लपवायचा कसा?

पण मनात आणलं तर जमतं. संधिवातासाठी कोइमतूरला ४३ रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यांना प्रत्येक रुग्णासाठी आपल्या पद्धतीनं वेगळं औषध ठरवायची मुभा होती. तरीही कुणाला खरं आयुर्वेदिक औषध, कुणाला मेथोट्रेक्सेट आणि कुणाला दोन्ही मिळतंय, हे रुग्णांपासून आणि डॉक्टरांपासून लपवलं गेलं. खऱ्याच्या जोडीला नकली औषध देऊन! डिप्रेशनसाठीही हे करता येईल. लागतो तो पैसा, वेळ आणि नापास व्हायची तयारी. ही तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ. कारण जुन्या ग्रंथात नोंद असलेलं आयुर्वेदिक औषध विकायला आपल्या कायद्यानुसार नव्यानं अशी चाचणी द्यावी लागत नाही. परीक्षा न देताच डिग्री मिळत असेल तर अभ्यास कोण करेल?

नॅचरल आहे म्हणून सेफ?

हा आपल्या सगळ्यांचा लाडका गैरसमज. सर्पगंधा नॅचरलच होती आणि तिनं माणसांचं ब्लडप्रेशर धाडकन खाली आणलं. जे काम करतं ते साइड इफेक्टही करतं.

कोविडच्या काळात इम्युनिटीसाठी घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. २०२० मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळात लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी केली आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयानं त्यावर जोरदार आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळखच नीट पटवली नाही असा. पण तोही मुद्दा ग्राहकाच्या दृष्टीनं तितकाच काळजीचा. बाटलीत नक्की कुठलं झाड आहे? अश्वगंधामुळेही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि भारतातून आल्यात. डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

आणि हायपेरिकमची खराब वागणूक म्हणजे ते दुसऱ्या औषधांच्या भांडणात पडतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर ते कमी करतं. अँटीडिप्रेसंटसोबत घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. बायपोलर असलेल्या माणसाला ते मेनियात ढकलू शकतं. हे सगळं 'हर्बल मूड सपोर्ट' असं लिहिलेल्या हिरव्या डबीत ऑनलाइन मिळतं.

पण खरा धोका डबीत नाही, कॅलेंडरमध्ये आहे. आधी तीन महिने हे, मग तीन महिने ते, मग गावच्या वैद्याकडून आणलेलं, असं करत वर्ष निघून जातं. तोवर नोकरी सुटते, नाती तुटतात आणि काहींच्या बाबतीत त्याहून भरून न येणारं काही घडतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं आणि बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तुमच्या लोकलच्या डब्यात किती जण असतात, जरा हिशेब करा.

मग करायचं काय?

* दोन आठवड्यांहून जास्त त्रास असेल तर आधी डॉक्टर. फॅमिली डॉक्टरही चालतील. थायरॉइड आणि बी-१२ सारख्या साध्या कारणांचीही तपासणी होऊन जाते.

* आत्महत्येचे विचार येत असतील तर कुठलाही प्रयोग नको, ना काढ्याचा ना वाट बघण्याचा. सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही.

* अँटीडिप्रेसंट चालू असेल तर 'आता हर्बलवर येतो' म्हणून अचानक बंद करू नका. चक्कर, चिडचिड, झोपमोड तर होतेच, पण आजारही उलटू शकतो. कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू.

* काही आयुर्वेदिक घेत असाल तर सायकियाट्रिस्टना सांगा. ते ओरडतील या भीतीनं लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी, थायरॉइड, लिव्हरचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर आवर्जून.

* आयुर्वेदावरच विश्वास असेल तर निदान शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडे जा. जाहिरात आणि इन्फ्लुएन्सर हे वैद्य नव्हेत.

* 'क्लिनिकली टेस्टेड' असं लेबल दिसलं तर तीन प्रश्न विचारा. किती जणांवर? किती आठवडे? प्लासिबो होता का? देशातल्या चाचण्यांची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी रजिस्टरमध्ये २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही फुकट बघता येते.

* गोळीबरोबर किंवा सौम्य डिप्रेशनमध्ये गोळीऐवजीही समुपदेशन आणि नियमित व्यायाम यांचा उपयोग होतो. दोघांनी पुष्कळ परीक्षा दिल्यात आणि बऱ्यापैकी मार्क मिळवलेत.

* ऑफिसची मेडिक्लेम पॉलिसी एकदा उघडून वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच कव्हर देणं अपेक्षित आहे.

सर्पगंधेनं दाखवून दिलंय की आपल्या मातीत खरंच मोठं काही दडलेलं असू शकतं. उद्या हळद किंवा केशर डिप्रेशनच्या मोठ्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलं तर आईला 'बघ, मी सांगत होते' म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तोवर हळदीचं दूध प्या की, ते छान लागतं. फक्त ते पिऊन झाल्यावर डॉक्टरची अपॉइंटमेंटही घ्या.